अंदाज चुकला म्हणे! पण मोजला कोणी?

जुलै महिन्यात फोनवर 'पनवेल' असं टाकून आठवड्याचा हवामान अंदाज बघा. एकाखाली एक सात ढग. प्रत्येक ढगाखाली तीन तिरप्या रेघा आणि शेजारी ८० टक्के, ९० टक्के. जुलैत पनवेलला पाऊस पडणार हे सांगायला उपग्रह कशाला हवा? आमच्या सुकापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. पंचांगात निदान नक्षत्राचं वाहन तरी बदलतं, कधी बेडूक तर कधी कोल्हा!

पण मंडळी, आज मला भांडायचंय ते वेधशाळेशी नाही, तुमच्या-आमच्याशी. "वेधशाळेने पाऊस सांगितलाय ना, मग छत्री घरीच ठेव" हा विनोद आता पुरे झाला. रेड अलर्ट आला, शाळांना सुट्टी मिळाली आणि दुपारी ऊन पडलं, की सोसायटीच्या ग्रुपवर हशा सुरू. अंदाज चुकला म्हणे! अहो, पण चुकला हे ठरवलं कोणी? तुमच्या खिडकीने?

मुळात हा अलर्ट असतो जिल्ह्याचा. आपला रायगड इकडे पनवेल-उरणपासून तिकडे पार पोलादपूरपर्यंत पसरलाय. माथेरानचा डोंगरही त्याच जिल्ह्यात, म्हणून त्याच रंगात. डोंगरावर ढग अडतात आणि जास्त पाऊस पडतो, हे तर आपण शाळेत घोकलंय. शिवाय अंदाजात 'तुरळक ठिकाणी' असे शब्द असतात. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर. बातमीपर्यंत येताना हे 'तुरळक' गळून पडतं आणि उरतं 'कोकणाला झोडपणार'! मग पोलादपुरात कोसळला आणि सुकापुरात ऊन पडलं, तर अंदाज चुकला की बरोबर आला? सांगा बघू.

२६ जुलै २००५ आठवतोय ना? त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात! समजा, सांताक्रूझला मोजायची सोयच नसती तर? कागदावर तो जुलैतला एक साधा पावसाळी दिवस ठरला असता. लोक गळ्याएवढ्या पाण्यात, आणि नोंद ७३ ची!

सुकापूरचं काही वेगळं नाही. तालुक्याचा आकडा रोज निघतो, पण तो तालुक्याचा. आपल्याला हवं ते वेगळंच असतं. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून उतरते आणि पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. भरती असेल तेव्हा खाडी पाणी लवकर घेत नाही. म्हणजे तोच १०० मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर भजी तळायची, आणि भरतीच्या वेळी तीन तासांत पडला तर तळमजल्यावरचं सामान माळ्यावर चढवायचं. सात ढगांच्या चित्रात हे कुठे दिसतं? १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. डोंगराखाली राहणाऱ्यांसाठी 'किती मिलिमीटर, किती तासांत' हा जिवाचा प्रश्न आहे, गप्पांचा नव्हे.

सरकारी पातळीवर काहीच होत नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीगणिक अंदाज मिळू लागला. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी नवी प्रणाली आली. अंदाज गावाच्या वेशीपर्यंत आला हो! पण तो खरा ठरला की खोटा, हे बघायला गावात कोण बसलंय?

यावर माझा उपाय अगदी गावठी आहे. सरळ उभ्या भिंतींचा, सपाट तळाचा एक डबा घ्या, मोकळ्या गच्चीवर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून बघा. (साडेआठलाच का? तर हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच संपतो.) आकडा वहीत लिहा. खर्च शून्य!

आणि या आकड्याला पैशाची किंमतही आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पडला, तर ५० हजार लिटर. १० हजार लिटरचे पाच टँकर! जुलैत हे पाणी आपण गटारात सोडतो आणि एप्रिल-मेमध्ये पैसे मोजून टँकर मागवतो. जुन्या पनवेलकरांना आठवड्याचा अंदाज कुठे मिळत होता? पण वडाळे, कृष्णाळे, इस्रायल अशी तळी त्या गावात आहेत. आलेलं पाणी धरून ठेवायचं, एवढं त्यांना कळत होतं. आपल्याला हातात फोन असून कळत नाही, मग हसायचं कोणी कोणाला?

असो. खातं ६४.५ मिलिमीटरच्या पुढेच 'जोरदार' म्हणतं. एवढ्या पावसात आपल्या रस्त्याचं काय होतं, हे एक पावसाळाभर मोजा, मग अंदाज वाचता येईल. आणि पुण्या-नाशिकच्या नातेवाईकांनो, फोनवर "तिकडे पाऊस कसाय?" असं विचारलंत तर यापुढे माझ्याकडून उत्तर मिलिमीटरमध्ये येईल. तुमचा आकडाही तयार ठेवा!