विषाणू दबला, तळपाय जळतोच

‘लोड सापडत नाही ना? मग कसली काळजी! गोळ्या चालू ठेवा.’ एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रावर हे आश्वासन हमखास मिळतं आणि ते निम्मं खरं आहे. रक्तात मोजण्याइतकाही विषाणू उरला नाही, म्हणजे उपचार लागू पडला. पण म्हणून पायही बरे असतील, हे कोणी ठरवलं? रात्री चादरीचा स्पर्श सोसत नाही, चप्पल निसटलेली दहा पावलांनी कळते, ही तक्रार ‘वय झालं’ म्हणून निकालात निघते. फार तर एक लाल इंजेक्शन टोचलं जातं. बी-१२ कमी असेल तर ते रास्तच; पण तपासतो कोण?

एचआयव्ही आणि त्याने पेटवलेला दाह मज्जातंतूंना इजा करतो. पायांचे तंतू सर्वांत लांब, म्हणून सुरुवात बोटांपासून. विषाणू दबला तरी झालेली इजा बरेचदा भरून येत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, ‘गोळ्यांनीच पाय गेले, बंद करा.’ या रागाला इतिहास आहे. २००४ साली देशात मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा पहिल्या फळीत स्टॅव्हुडिन होतं. त्याने माणसं जगवली आणि त्यातल्या अनेकांचे पाय जाळले, गालही बसवले. जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं २००९ मध्ये. झिडोवुडिनने काहींचे स्नायू इतके दुबळे केले की जिना चढताना कठडा धरावा लागे. आजची टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविरची गोळी त्या जातीची नाही. ती सोडली की विषाणू उसळतो, आणि तो मज्जातंतूंची गय करत नाही.

खापर फोडायला एचआयव्हीही सोयीचा. क्षयाच्या आयसोनियाझिडसोबत बी-६ दिलं होतं का? मधुमेह, दारू, मेटफॉर्मिनने घटलेलं बी-१२, हे कोणी पाहिलं?

एचआयव्हीमुळे होणाऱ्या या दुखण्यावर अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि प्रीगाबालिन सर्रास लिहून दिलं जातं. नेमक्या याच दुखण्यावरच्या चाचण्यांत दोन्ही नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. तेव्हा लवकर पकडणं हाच शहाणपणा. त्याला महागडं यंत्र लागत नाही. १२८ हर्ट्झचा कंपनकाटा छेडून अंगठ्यावर टेकवायचा, थरथर कधी थांबली ते रुग्णाने सांगायचं. मग घोट्यामागे हातोडीचा एक ठोका. दोन मिनिटांचं काम.

क्षयासाठी प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजनघट, रात्रीचा घाम विचारायचा दंडक आहेच. पाचवा प्रश्न पायांचा हवा, तोही मोजे काढायला लावून.