'पर्यंत' म्हणजे 'बाय' की 'टिल'?

रत्नागिरीतील एखाद्या आंबा व्यापाऱ्याच्या मनात वाक्य असते, 'सर्व पेट्या 15 मेपर्यंत पाठवू.' दुबईच्या ग्राहकास तो इंग्रजीत कळवितो, 'वी विल सेंड ऑल द बॉक्सेस टिल 15 मे.' ग्राहकाचा समज होतो की 15 मे उजाडेपर्यंत माल थोडाथोडा येतच राहणार. व्यापाऱ्यास मात्र सांगावयाचे असते की 15 मे ही शेवटची मुदत. त्यापूर्वी सारा माल निघालेला असेल. त्या अर्थासाठी इंग्रजीत 'बाय' हा शब्द आहे. हापूसचा हंगाम मोजक्या आठवड्यांचा. त्यात असा गैरसमज निस्तरण्यास सवड कोठून मिळणार?

मराठीचा 'पर्यंत' ही दोन्ही कामे करतो, म्हणून घोटाळा होतो. चौविहार पाळणाऱ्या घरात हा भेद समजणे अवघड नाही. सूर्यास्तापर्यंत जेवण आटोपते, तेथे 'बाय'. सूर्योदयापर्यंत अन्नपाणी वर्ज्य असते, तेथे 'टिल'. पहिली क्रिया मुदतीच्या आत संपते, दुसरी मुदत येईपर्यंत चालू राहते.

दादोबा पांडुरंग यांनी 1836 मध्ये इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. साचा जुळला, तरी दोन भाषांच्या सवयी निराळ्याच राहिल्या. मराठीत असे शब्द नामाच्या मागून येतात, इंग्रजीत आधी. शिवाय एकास एक अशी त्यांची जोडी लागत नाही.

भावाच्या बाबतीत मात्र मराठीच मदतीस येते. 'भाव 200 रुपयांनी वाढला' येथे पुन्हा तोच 'बाय', पण निराळ्या अर्थाने. 'भाव 200 रुपयांवर गेला' येथे 'टू'. ही अदलाबदल झाली तर हिशेबच फिरतो.

'डिस्कस'पुढे 'अबाउट' घालण्याची सवय 'विषयी चर्चा' यातून आलेली आहे. तेथे काहीच नको. 'रिक्वेस्ट' नाम असेल तर 'फॉर' लागतो, क्रियापद असेल तर नाही. 'अमक्याशी विवाह' म्हणून 'मॅरिड विथ' लिहितात, तेही चूक. तेथे 'टू' हवा.

शाळेत या शब्दांच्या सुट्या याद्या पाठ करवितात. त्याचा पेढीवर फारसा उपयोग होत नाही. क्रियापद त्याच्या सोबतीच्या शब्दासहच वहीत उतरावे: 'रिप्लाय टू', 'डिपेंड ऑन'. 'पे' हे क्रियापद तर दोनदा लिहावे, कारण बिल नुसतेच 'पे' होते, आंब्यासाठी मात्र 'पे फॉर' म्हणावे लागते.