पोक आलेली पाठ आणि पायाचे अंगठे

आपल्या जोयडा तालुक्यात म्हाताऱ्या बाईची पाठ वाकली की घरोघरी एकच बोलणं, "वय झालं, आता काय!" आणि व्यायामाचं नाव काढलं तर, "जन्मभर शेतात राबली, तिला कसला व्यायाम?" मला हे पटत नाही. लावणी, भांगलण, केर काढणं, सगळं पुढे वाकूनच. पाठ मागे खेचणारे स्नायू बळकट होणार कधी?

पोक येण्याचं कारण पुष्कळदा ठिसूळ हाड असतं, मणका पुढून दबतो. आणि नातवंडं मोबाईल दाखवून सांगतात, "आज्जी, पायाचे अंगठे धर." नको रे बाबांनो! अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ साली ठिसूळ हाडांच्या ५९ बायकांचा अभ्यास छापला. नुसतं पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्या ९ जणींपैकी ८ जणींचे मणके आणखी दबले. पाठ मागे ताणणाऱ्या २५ जणींत फक्त ४. संख्या लहान आहे, पण डोळे उघडायला पुरे.

भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहणं, बसून कोपरं मागे नेणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, एवढ्याला मशीन लागत नाही. (शेक घेतल्यावर बरं वाटतं, बळ येत नाही.) दांडेलीला नाहीतर बेळगावला फिजिओथेरपिस्टकडे रोज कोण नेणार? एकदा न्या, व्यायाम शिकून घ्या, सुनेनं व्हिडिओ काढून ठेवावा. मात्र कळ अचानक उठली किंवा पायातलं बळ गेलं, तर व्यायाम बंद, आधी डॉक्टर.