तंजावूरचा खटला आणि दहशतवादविरोधी कायद्यांची कसोटी

तंजावूरच्या राजवाडा परिसरात आज सरस्वती महाल ग्रंथालय आणि मराठ्यांचा दरबार पाहण्यासाठी पर्यटक येतात. याच राजवाड्यावरून उभ्या राहिलेल्या एका खटल्याने विचारलेला प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांनंतरही मिटलेला नाही. राज्यहिताच्या नावाखाली शासनाने उचललेले पाऊल न्यायालयाला तपासता येते का, हा तो प्रश्न.

तंजावूरचे अखेरचे भोसले राजे शिवाजी यांचे १८५५ मध्ये निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले आणि १८५६ मध्ये लष्करासह राजवाडा ताब्यात घेतला. राजांची खासगी मालमत्ताही त्यात गेली. राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी दाद मागितली असता मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. मात्र १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. जप्ती ही राज्यसत्तेची कृती असून ती न्याय्य की अन्याय्य, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असा या निकालाचा आशय होता. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राजघराण्यातील स्त्रियांना परत दिली, पण ती कृपा म्हणून. हक्क म्हणून नव्हे.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हे दार उघडले. जीवित व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. दहशतवादविरोधी कायद्यांनी हा हक्क काढून घेतलेला नाही. तथापि, जामीन आणि पुराव्याचे नियम बदलून त्यांनी न्यायालयीन तपासणीची कक्षा आकुंचित केली आहे.

असे कायदे करण्याची कारणे खरी आहेत. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर येथे माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची आत्मघाती स्फोटात हत्या झाली. या खटल्यात विशेष न्यायालयाने १९९८ मध्ये सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्यांतील १९ जणांची हत्येच्या कटाच्या आरोपातून सुटका केली आणि या गुन्ह्याला 'टाडा' लागू होत नाही, असा निर्णय दिला. तरीही टाडाखाली पोलीस अधिकाऱ्याने नोंदविलेले कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य राहिले. ए. जी. पेरारिवालन यांचा जबाब नोंदविणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्याने २०१३ मध्ये सांगितले, की त्यांचे म्हणणे जसेच्या तसे लिहिले गेले नव्हते. पेरारिवालन यांची सुटका मे २०२२ मध्ये झाली. तोवर तीन दशके उलटली होती.

पुढील कायदा 'पोटा'. २००२ मध्ये वायको आणि पळ. नेडुमारन हे तमिळ नेते लिट्टेच्या समर्थनाच्या आरोपावरून त्याखाली अटकेत गेले. वायको यांचा पक्ष तेव्हा केंद्रातील सत्ताधारी आघाडीत होता आणि पोटा याच आघाडीने संमत करून घेतला होता. डिसेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटा वैध ठरविला. मात्र दहशतवादी कृत्याला साहाय्य करण्याचा हेतू नसेल, तर निव्वळ नैतिक पाठिंबा हा गुन्हा ठरत नाही, असेही स्पष्ट केले. वायको यांना बाहेर येण्यासाठी फेब्रुवारी २००४ उजाडले. त्याच वर्षी पोटा रद्द झाला. नेडुमारन यांच्या पुढाकाराने उभारलेले मुळ्ळिवाय्क्काल स्मारक आज तंजावूरलगतच्या विळार येथे आहे. लिट्टेवरील बंदी मात्र मे २०२४ मध्ये आणखी पाच वर्षांसाठी वाढविण्यात आली. स्मरण आणि समर्थन यांतील सीमारेषा या भागात किती नाजूक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, अर्थात 'यूएपीए', कठोर करण्यात आला. पोलिसांपुढील कबुलीजबाबाची तरतूद त्यात नाही. पण आरोपपत्राविना कोठडी १८० दिवसांपर्यंत वाढू शकते आणि आरोप सकृद्दर्शनी खरे वाटल्यास जामीन नाकारावा लागतो. या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. खटला रेंगाळत असेल, तर घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, ही वाट त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये मोकळी केली.

सैल पुराव्याची किंमत केवळ आरोपी मोजत नाहीत. मुंबईच्या लोकलगाड्यांमधील २००६ च्या स्फोटांत १८९ जणांचा मृत्यू झाला. 'मोक्का'खाली दोषी ठरविलेल्या सर्व १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरविले. त्यांचे कबुलीजबाब न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत स्थगिती दिली. मात्र १९ वर्षांनंतरही गुन्हेगार नेमके कोण, याचे उत्तर मृतांच्या आप्तांना मिळालेले नव्हते.

म्हणूनच सुरक्षा आणि स्वातंत्र्य ही तराजूची दोन विरुद्ध पारडी मानणे पुरेसे नाही. कायदा कठोर असू शकतो. त्याखालील अटक वेळेत आणि पूर्णपणे तपासण्याचा अधिकार न्यायालयाकडे उरतो का, ही खरी कसोटी आहे. तो उरला नाही, तर निरपराध्याची सुटका हा हक्क राहत नाही. तंजावूरच्या राण्यांना परत मिळालेल्या मालमत्तेप्रमाणे तीही सरकारची कृपा ठरते.