वाढत्या अंगाचा चष्मा

लहानपणी आमच्या घरी ईदचे कपडे नेहमी वाढत्या अंगाचे शिवले जात. अब्बा शिंप्याला सांगायचे, "दोन बोटं सोडून ठेव, पुढच्या ईदलाही झाले पाहिजेत." पहिल्या वर्षी बाह्या दुमडायच्या, दुसऱ्या वर्षी ते नीट बसायचे, तिसऱ्या वर्षी धाकट्या भावंडाकडे जायचे. शाळेचे बूट आणि रेनकोट यांचाही हिशोब हाच. त्यात वाईट काही नव्हतं. कमाई बेताची असली की माणूस अशीच खरेदी करतो. पण हाच हिशोब मी माझ्या मुलीच्या चष्म्याला लावला आणि तिथे चुकले.

ती तेव्हा चार वर्षांची होती. काही बारीक बघायला लागली की तिचा डावा डोळा नाकाकडे वळायचा. घरातली मोठी माणसं म्हणाली, मोठी झाली की जाईल. मी बीएड झालेली, वर्गात मुलांच्या डोळ्यांकडे बघणारी बाई, तरी सहा महिने मीही तेच म्हणत राहिले. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांना प्लसचा नंबर निघाला, डावीकडे जास्त. डॉक्टर म्हणाले, चष्मा हाच इलाज, दिवसभर लागला पाहिजे. दुकानात तिनं गुलाबी फ्रेम उचलली आणि मी म्हणाले, "याच्यात थोडी मोठी दाखवा, दोन वर्षं चालायला हवी." दुकानदारानं दाखवली. त्यानं नको म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तर डोळा होता तिथेच. डॉक्टरांनी विचारलं, "चष्मा घालते का?" मी जरा चिडूनच म्हणाले, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घालते. ते हसले नाहीत. म्हणाले, "घालते, पण काचेतून बघत नाही. वरून बघते." मी मान वळवून पाहिलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता आणि ती फ्रेमच्या वरच्या कडेवरून भिंतीवरचं चित्र बघत होती, आमच्या शाळेतले निवृत्त हेडमास्तर रजिस्टरवरून आमच्याकडे बघायचे तशी.

तीन महिने मी तिला दिवसातून पन्नास वेळा "चष्मा वर कर" म्हणत होते. ती करायची. अर्ध्या मिनिटात तो पुन्हा खाली. त्यात तिचा काय दोष होता?

लहान मुलाच्या नाकाकडे आपण कधी नीट बघत नाही. मोठ्या माणसाच्या नाकाला वरती हाड उचललेलं असतं, त्यावर चष्मा बसतो. चार वर्षांच्या मुलाचं नाक तिथे जवळजवळ सपाट असतं. बाजारातल्या बऱ्याचशा 'किड्स' फ्रेमी म्हणजे मोठ्यांचीच फ्रेम लहान करून रंगवलेली. तिला टेकायला जागाच नसते. मग ती घसरते आणि नाकाचा गोळा लागेल तिथे थांबते. त्यात नाशिकचा एप्रिल-मे, घाम, आणि एका जागी न बसणारं पोर.

चष्मा घसरणं ही शोभेची गोष्ट नाही हे मला तेव्हा कळलं. ज्या डोळ्याला धूसर दिसतं त्याच्याकडे मेंदू हळूहळू लक्ष देईनासा होतो. डोळा दिसायला चांगला, पण आतून आळशी. डोळा आणि मेंदू यांचं हे नातं साधारण सात-आठ वर्षांपर्यंत घडत असतं. त्यानंतर इलाज होत नाही असं नाही, पण फार कठीण होतं. म्हणजे चार वर्षांच्या मुलीचे तीन महिने आपल्या तीन महिन्यांसारखे नसतात. शिवाय नंबर मोठा असेल तर काच डोळ्यापासून दूर सरकली की नंबरच बदलल्यासारखा होतो. डॉक्टरांनी मापून दिलेला नंबर त्या ठरावीक अंतरासाठी असतो.

त्याच आठवड्यात एका ओळखीच्या बाईंनी मेन रोडच्या आतल्या बाजूला एक म्हातारे चष्मेवाले सांगितले. दुकान एवढंसं, दोन माणसं उभी राहिली की तिसरा पायरीवर. चाचांनी आधी नंबरचा कागद बघितलाच नाही. मुलीला स्टुलावर बसवलं, फ्रेम चढवली आणि म्हणाले, "बेटा, खाली बघ. आता हस. आता नाही-नाही कर." फ्रेम खाली आली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि मला काडीच्या आतली बारीक अक्षरं दाखवली. मी आयुष्यभर चष्मा लावते, ते आकडे कधी वाचले नव्हते. पहिला आकडा काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकाचं अंतर, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. बुटाला नंबर असतो तसा चष्म्यालाही असतो, आणि हा नंबर डॉक्टरच्या कागदावर लिहिलेला नसतो.

चाचांनी जे सांगितलं ते तेव्हापासून मी प्रत्येक पालकसभेत सांगते. बुबुळ काचेच्या मध्यावर किंवा किंचित वर आलं पाहिजे, म्हणजे पोर वरून बघूच शकणार नाही. फ्रेम चेहऱ्याएवढीच रुंद हवी. नाकावरचा भाग पूर्ण टेकला पाहिजे, दोन टोकांवर नाही. नाक अगदी सपाट असेल तर मऊ सिलिकॉनचे नोजपॅड किंवा एकसलग सिलिकॉनचा ब्रिज असलेली फ्रेम घ्यायची, ती घामातही कमी सटकते. हसताना गाल फ्रेम वर ढकलत असतील तर काच जास्त उंच आहे. पापण्या काचेला लागत असतील तर मूल चष्मा स्वतःच पुढे ओढणार. काच पॉलिकार्बोनेटची, कारण ती हलकी असते आणि सहजी फुटत नाही.

पण खरी गंमत काडीची. काडीचा बाक कानाच्या वरच्या टोकाच्या लगेच मागे सुरू झाला पाहिजे. काडी लांब असेल तर बाक मागे कुठेतरी हवेत राहतो आणि चष्म्याला धरायला काही नसतं. आखूड असेल तर कानामागे लाल वळ उठतो. आणि फ्रेम अरुंद असेल तर? मला वाटायचं घट्ट बसेल. चाचांनी विचारलं, "चिंचोका दोन बोटांत दाबलाय कधी? सटकन पुढे जातो ना? तसंच." कानशिलांवर दाबणारा चष्मा घट्ट बसत नाही, पुढे पळतो. त्यांनी नवी, लहान फ्रेम निवडली, काडी गरम करून तिच्या कानाच्या मापानं वळवली, टोकांना सिलिकॉनच्या छोट्या टोप्या चढवल्या. इलास्टिकचा पट्टा हवा का, असंही विचारलं. अगदी तान्ह्या मुलांना तो लागतोच, शाळेत जाणाऱ्यांना खेळताना. मुलीनं नको म्हटलं. चाचांनी आग्रह केला नाही. काडी नीट वळली असेल तर पट्ट्याची गरज क्वचितच पडते, हे त्यांचं मत, आता माझंही.

शब्दांचा नाद असल्यामुळे एक सांगते. चष्मा हा मराठी शब्द फारसीतल्या 'चश्म'वरून आला, म्हणजे डोळा. आम्ही उर्दूवाले घरात ऐनक म्हणतो, तो अरबी 'ऐन'वरून, म्हणजे पुन्हा डोळाच. दोन्ही भाषांनी डोळ्याचं नाव ठेवलं. नाक आणि कान, जे बिचारे सगळं ओझं वाहतात, त्यांचा उल्लेख नाही. चष्मा इटलीत 13व्या शतकाच्या अखेरीस बनला आणि कानांवर अडकवायच्या काड्या आल्या 18व्या शतकात. चारशे वर्षं मोठमोठे विद्वान चष्मा हातानं धरून किंवा नाकावर तोलून वाचत होते. आपण चार वर्षांच्या पोरावर ओरडतो.

आता शाळेबद्दल. उर्दू वाचायला शिकवताना नजर कमी असलेलं मूल लवकर सापडतं, कारण आमची लिपी नुक्त्यांवर चालते. खाली एक नुक्ता 'बे', खाली तीन 'पे', वर दोन 'ते', वर तीन 'से'. फळ्यावरचे नुक्ते ज्याला दिसत नाहीत तो अंदाजानं वाचतो आणि आपण त्याला ढ ठरवतो. मराठीच्या तासाला तोच मुलगा अनुस्वार खातो. अशी मुलं मी वेगळी काढते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतात, नजरही तपासतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम तर 1976 पासूनचा, त्यातून गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे मिळतात. हे सगळं चांगलं आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. माझी तक्रार त्यानंतरच्या दिवसाबद्दल आहे. चष्मे डब्यांतून येतात, यादीवर सही होते, फोटो निघतो. त्या दिवशी कुणी मुलाला खाली बघायला, हसायला, मान हलवायला सांगत नाही. महिन्याभरात अर्धे चष्मे दप्तराच्या तळाशी असतात आणि स्टाफरूममध्ये आम्ही म्हणतो, या लोकांना फुकटची किंमत नाही.

"या लोकांना" हे शब्द मला फार लागतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईला मी विचारलं, दुकानात नेऊन काडी वाकवून का आणली नाही? ती वडाळ्याहून चार घरी कामाला जाते. म्हणाली, "टीचर, एक खाडा म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली, आणि चष्मा फुकटचा, दुकानदार हात लावेल का त्याला?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. जागतिक आरोग्य सभेनं 2021 मध्ये चष्म्यांबाबत 2030 पर्यंतचं उद्दिष्ट ठरवलं, तेव्हा मोजायचं ठरलं ते 'परिणामकारक' प्रमाण, म्हणजे चष्मा मिळाला का एवढंच नाही, त्यातून नीट दिसतं का. आमच्या यादीत तो रकाना नाही. वाटपाच्या दिवशी काडी वळवता येणारा एक माणूस आणि दोन महिन्यांनी त्याची आणखी एक फेरी, एवढं तरी मागायला हवं. खर्च चष्म्यांच्या मानानं किरकोळ आहे.

आमच्या मुलींची एक वेगळी अडचण आहे, जी कुठल्याच माहितीपत्रकात मला दिसली नाही. शाळेचा स्कार्फ. मुली आधी स्कार्फ बांधतात, मग वरून चष्मा लावतात. काडी कापडावर बसते, कानाला धरतच नाही. म्हणून चष्मा आधी, स्कार्फ नंतर, आणि कानशिलावर सैल. काडी पातळ असली तर बरं. मकतबमध्ये वुजू करताना मुलं चष्मा काढून ताकात ठेवतात आणि विसरून घरी येतात. मौलवीसाहेबांना सांगितल्यावर त्यांनी खिडकीत एक ट्रे ठेवला, नमाजनंतर स्वतः वाटतात.

माझी मुलगी आता पाचवीत आहे. त्या मोठ्या फ्रेमनंतर चार फ्रेमी झाल्या, प्रत्येक मापाची, एकही वाढत्या अंगाची नाही. मधे काही महिने चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागली, ते रडणं वेगळंच. डोळा चष्म्यात सरळ राहतो. डावीकडून तक्त्याची शेवटची ओळ अजून येत नाही. ते तीन महिने आणि त्याआधीचे सहा वाया गेले नसते तर आली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. परवा म्हणाली, उजवी काडी टोचते. गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी मेन रोडला जाणार आहोत.