घड्याळ घेताय? आधी घड्याळजी शोधा!

वीकेंड आला की आमच्या कंपूत (ऑफिसातले पाच-सहा घड्याळवेडे, त्यातले दोघं आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले) एकच विषय रंगतो... कुठलं घड्याळ भारी? मनगटं पुढे होतात, एकजण चक्क व्हर्नियर कॅलिपर काढतो, आणि मग एक्सेल शीटमध्ये तीन कॉलम भरले जातात: साईज, क्वालिटी, व्हॅल्यू. सॉफ्टवेअरवाले आम्ही, शीट तर हवंच! माझी त्या शीटबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की त्यात चौथा कॉलम नाही. हे घड्याळ बंद पडलं तर उघडणार कोण? माझं मत सरळ आहे, हा चौथा कॉलम बाकीच्या तिन्हींना पुरून उरतो. कसं ते बघू.

आधी साईज. नवीन मंडळींचा ओढा ४२-४४ मिलिमीटरकडे. एचएमटीचं जनता घ्या, केसचा व्यास जेमतेम ३५ मिलिमीटर. आज कुणी ते घातलं की "बायकोचं घातलंस का रे?" हा पीजे ठरलेला. पण याच मापाची घड्याळं आपल्या आजोबांच्या पिढीने शेतात, कचेरीत, एस्टीत आयुष्यभर घातली आणि कुणाला ती लहान वाटली नाहीत. खरं तर व्यासापेक्षा महत्त्वाचं माप वेगळंच आहे. पट्टा अडकवतात त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर मनगटाच्या रुंदीबाहेर गेलं की घड्याळ मनगटावर बसत नाही, पाटासारखं ठेवल्यागत दिसतं. आणि पातळपणाचं म्हणाल तर आपल्या टायटनने २००२ साली 'एज' काढलं ते अख्खं घड्याळ साडेतीन मिलिमीटर जाड होतं, आतलं यंत्र १.१५ मिलिमीटर! तेव्हा मोठं म्हणजे भारी, हे डोक्यातून काढा.

आता क्वालिटी. इथे तर हाणामारी असते. सेकंद किती चुकतात? क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आकडा ओळखीचा वाटला ना? दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की बरोब्बर एक सेकंद, एकदम बायनरी. असं साधं घड्याळ महिन्याला दहा-पंधरा सेकंद चुकतं. चावीचं घड्याळ दिवसालाच वीस-तीस सेकंद इकडेतिकडे करतं. म्हणजे अचूकपणाची स्पर्धा केव्हाच संपलीये, आणि ती चावीवाल्याने हरलीये. पण उलट बाजूने बघा. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात तीस सेकंदांची चूक म्हणजे ०.०४ टक्क्यांहून कमी, तीही निव्वळ स्प्रिंग आणि दातेरी चाकांच्या जोरावर. वाईट आहे का हो?

आणि गंमत सांगू? भारतीय प्रमाणवेळ चालते ८२.५ अंश रेखांशावर, तिकडे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर. आमचं बुलढाणा साधारण ७६.२ अंशावर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर बुलढाण्याचा सूर्य तुमच्या घड्याळाच्या सरासरी पंचवीस मिनिटं मागे! १९०६ पासून ही तडजोड चालत आली आहे. तेव्हा पाच सेकंदांवरून मित्राशी भांडताना जरा दमानं घ्या.

उरली व्हॅल्यू, आणि खरी गोम इथेच आहे. आम्ही व्हॅल्यू म्हणजे काय बघतो? किंमत किती, फीचर किती, विकलं तर किती येतील. एचएमटीची गोष्ट वेगळं सांगते. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला कारखाना निघाला, १९६१ मध्ये पहिली घड्याळं आली. पुढे जनता, पायलट, सोना, कांचन... आमच्याकडे लग्नात जावयाला घड्याळ म्हणजे एचएमटी, हे समीकरणच होतं. ही घड्याळं काही जगात सर्वोत्तम नव्हती. पण तेच यंत्र थोड्याफार फरकाने कितीतरी मॉडेलांत असायचं, त्यामुळे एकाचा पार्ट दुसऱ्याला चालायचा, आणि खामगाव, मलकापूर, मेहकर, चिखली, कुठेही बाजारात काचेच्या छोट्या पेटीमागे भिंग डोळ्याला लावून बसलेला एक माणूस असायचा जो ते उघडू शकायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर प्लॅटफॉर्म सामान्य होता, पण सपोर्ट तालुक्याच्या गावी मिळत होता. पन्नास वर्षं घड्याळ चाललं ते नुसत्या सतरा ज्वेलवर नाही, त्या माणसावर चाललं.

पुढे १९८७ मध्ये टायटन बाजारात आलं, क्वार्ट्झ आलं, मग मोबाईल. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आणि मग काय झालं? आम्हा हौशी लोकांना अचानक प्रेमाचं भरतं आलं! जुनी एचएमटी शोधा, जमवा, फोटो काढा. मागणी वाढली तसा मालही तयार झाला. मुंबईत जुनी डायल नव्या भडक रंगात रंगवायची, चार घड्याळांचे अवशेष एकात भरायचे आणि "व्हिंटेज" म्हणून विकायचं, हा धंदा परदेशातल्या शौकिनांनाही ठाऊक आहे. दिसायला झकास, आत बेभरवशाचं.

आता तो भिंगवाला माणूस. आमच्या भागात अजून काहीजण आहेत, पण त्यांच्या पेटीत आता निम्म्या जागेत मोबाईलची कव्हरं, रिमोट आणि बटन सेल असतात. मागे एकांकडे चावीचं घड्याळ नेलं तर म्हणाले, "घड्याय चांगलं हाये भाऊ, पन पार्ट कुठून आनू? अन् पोरगं तं इकडे बसतच नाही." ह्या दोन वाक्यांत सगळं आलं. पार्ट नाही आणि पोरगं नाही.

पोरगं का बसेल? वीस हजारांचं घड्याळ आपण ईएमआयवर घेतो आणि सर्व्हिसिंगचे पाचशे सांगितले की "काका, तीनशे करा ना" म्हणतो. शंभरावर भाग सुटे करायचे, धुवायचे, तेल द्यायचं, पुन्हा जुळवायचे, मग दोन-चार दिवस वेळ तपासत बसायचं. आपण ताशी किती बिल करतो हो क्लायंटला?

आणि पार्टचा प्रश्न फक्त खामगावचा नाही. स्वित्झर्लंडच्या स्वॉच ग्रुपने २०१५ च्या अखेरीस स्वतंत्र घाऊक विक्रेत्यांना सुटे भाग देणं थांबवलं, त्यावरून युरोपात कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली. घड्याळाचं वेगळं नाव नाही. ट्रॅक्टर आधी यावा हे बरोबरच, पण "विकत घेतलेली वस्तू कुठे उघडायची हे मी ठरवीन" हा मुद्दा दोन्हीकडे तोच आहे.

कुणी म्हणेल, हा सगळा नॉस्टॅल्जिया आहे, वेळ तर फोनवर दिसते. मान्य! नुसती वेळ हवी असेल तर फोन आहेच, नाहीतर स्वस्त क्वार्ट्झ घ्या, सेल बदला, मजा करा. त्यात काही कमीपणा नाही. पण चावीचं घड्याळ "पिढ्यान्पिढ्या टिकतं" म्हणून जास्त पैसे मोजत असाल तर ते वाक्य खरं व्हायला पिढ्यान्पिढ्या दुरुस्त करणारेही टिकायला हवेत. ते नसतील तर तुम्ही वारसा नाही, पेपरवेट घेताय.

तर मंडळी, माझा हिशोब असा. घड्याळ पसंत करण्याआधी तुमच्या गावात किंवा निदान जिल्ह्यात ते कोण उघडेल हे विचारून या. जे यंत्र अनेक घड्याळांत वापरलं जातं तेच निवडा. आणि घरात पडलेलं आजोबांचं घड्याळ असेल तर रंगवलेलं दुसरं शोधण्याआधी ते दुरुस्तीला द्या, आणि सांगतील तेवढे पैसे द्या. घासाघीस करायची हौस असेल तर शोरूममध्ये करा की!

चौथा कॉलम मी माझ्या शीटमध्ये टाकलाय. पहिल्या क्रमांकावर कोण आलं ते सांगत नाही, कारण तुमच्या गावचा घड्याळजी वेगळा, तुमचं उत्तर वेगळं.