डोळे पिवळे झाले की पाला, ताप आला की ‘दोन गोळ्या’, फावतं जंतूचंच

कासू (ता. पेण) : लावणीचे दिवस आले की आपल्या पेण-रोहा पट्ट्यात दोन ठिकाणी गर्दी दिसते. एक मेडिकलच्या काउंटरवर, दुसरी काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याच्या ओटीवर. मेडिकलमध्ये माणूस म्हणतो, "अंग मोडून आलंय, दोन गोळ्या द्या." चिठ्ठी नसते. ओटीवर तर चिठ्ठीचा प्रश्नच नाही. दोन्हीकडची माणसं वेगळी वाटतात, पण नुकसान एकाच प्रकारचं होतंय.

आधी गोळ्यांचं बघू. अँटिबायोटिक हे जंतू मारायचं औषध आहे, ताप उतरवायचं नाही. सर्दी-पडसं विषाणूमुळे होतं आणि विषाणूला ही गोळी काहीच करत नाही. पोटातले बाकीचे जंतू मात्र तिने मरतात, आणि जे मरत नाहीत त्यांना रान मोकळं मिळतं. पोटातला ई-कोलाय जंतू पोसायला सगळं नीट मिळालं तर 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. हिशोब करा, 10 तासांत एकाचे 100 कोटींच्या वर. तणनाशकाला न मेलेलं तण पुढच्या हंगामात शेतभर दिसतं, तसंच हे.

याचं टोक मुंबईत दिसलंय. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी टीबीचे चार रुग्ण जगापुढे मांडले आणि 2012 च्या सुरुवातीला त्याच्या बातम्या झाल्या. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूवर चालत नव्हतं. त्यातल्या तिघांना आधी वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांकडून औषधं एकेक करून, बऱ्याचदा चुकीच्या डोसात मिळाली होती. जगाचा आकडा सांगायचा तर ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासानुसार 2019 या एका वर्षात 12 लाख 70 हजार माणसं थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली.

हे वाचून कुणी म्हणेल, मग पालाच बरा. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच फिरतं, की निसर्गाच्या औषधाला जंतू सरावत नाही. हे खोटं आहे. पेनिसिलिन तरी कुठून आलं? बुरशीतून. आणि ते शोधणाऱ्या फ्लेमिंगनेच 1945 मध्ये नोबेल घेताना बजावलं होतं की कमी डोस घेतला तर जंतू सरावतील. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तर एका वनस्पतीतूनच काढलेलं. त्यासाठी चीनच्या तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं. कंबोडियाच्या बाजूचे मलेरियाचे परजीवी त्यालाही दाद देईनासे झालेत.

आता ओटीवरचं, कारण आपल्याकडे खरी गफलत तिथे आहे. कावीळ हा एक रोग नाही, ती खूण आहे. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ विषाणूची असते. बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात पाला घेतला तर श्रेय पाल्याला जातं. पथ्य पाळलं, आराम झाला, बरं वाटलं, यात देणाऱ्याची लबाडी असते असं मी म्हणणार नाही. पण गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते, तिथे आराम आणि पथ्यावर विसंबून चालत नाही.

आणि लेप्टो? खाचरातल्या पाण्यात उंदीर-घुशीचं मूत मिसळतं, पायाला चीर असते, तिथून जंतू आत जातो. ताप, लाल डोळे, पोटऱ्या पिळवटून निघतात, आणि वाढलं की डोळे पिवळे. घरचे म्हणतात कावीळ, आणि माणूस ओटीवर. तिथे चार दिवस गेले तर मूत्रपिंडाला झळ पोचलेली असते. वाईट याचं वाटतं, की या जंतूवर पेनिसिलिन आणि डॉक्सीसायक्लिन ही जुनी, स्वस्त औषधं आजही चालतात. फक्त ती लवकर पडायला हवीत. म्हणून लावणीनंतर ताप आला तर डॉक्टरला आधी हेच सांगायचं, "मी चिखलात होतो." डॉक्सी मात्र मनाने घ्यायची नाही, गरोदर बायका आणि लहान मुलांना तर नाहीच.

झाडपाला टाकून द्या असं नाही. साध्या खोकल्याला अडुळशाचा काढा घ्यावा, खोकल्याच्या सिरपमधलं ब्रोमहेक्झिन अडुळशातल्याच द्रव्यावरून बनवलंय. विषाणूच्या सर्दीत काढा पिऊन गोळी वाचवली तर चांगलंच. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. कोरोनात घरोघरी गुळवेल उकळली, तेव्हा सप्टेंबर ते डिसेंबर 2020 दरम्यान मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले, सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की तशीच दिसणारी दुसरी वेलही असू शकते. असेलही. पण मग बांधावरची वेल कुठली, हे आपल्यापैकी किती जण खात्रीने सांगतील?

कायदा आहे. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मधल्या औषधांसाठी मेडिकलवाल्याने डॉक्टर आणि रुग्णाचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं आहे. पाकिटावरची लाल उभी रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही. गावात ती रेघ कोण बघतो? दवाखाना लांब, रोज बुडतो, म्हणून माणूस काउंटरवर जातो. नुसतं मेडिकलवाल्याला दटावून हे सुटायचं नाही.

शेवटी आपल्या शेताचंही. भाताच्या कडा करप्यावर फवारतात त्या स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन असतं, टीबीवर वापरलं जायचं तेच. केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये शेतीतला त्याचा वापर थांबवण्याचा मसुदा काढला होता. कोंबड्यांना कोलिस्टिन द्यायला जुलै 2019 पासून बंदी आहे, कारण माणसावर ते शेवटचं राखीव औषध. शेडवरून कोंबडखत उचलताना पक्ष्यांना कोणकोणती औषधं दिली, एवढं तरी विचारून घ्या.